मंगळवारचे डॉक्टर आणि बाकीचे सहा दिवस

पत्र

ताई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. नर्सिंगची पदवी झाल्यावर मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमाही केलाय. आमच्याकडे मानसोपचाराचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. त्या दिवशी बाहेर पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे सहा दिवस लोक माझ्याकडेच येतात. कुणाच्या गोळ्या संपलेल्या असतात, कुणाचा इंजेक्शनचा दिवस चुकलेला असतो, कुणाला रात्र रात्र झोप नसते. आमचे मेडिकल ऑफिसर माणूस म्हणून भले आहेत. पण गर्दी असली की म्हणतात, "सिस्टर, जुन्या चिठ्ठीवरून उतरवून द्या की." कधी कधी कोऱ्या कागदांवर सह्या करूनच ठेवलेल्या असतात.

गेल्या महिन्यात एक चोवीस वर्षांचा मुलगा आला होता. गोळी वाढवल्यापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं, सारख्या फेऱ्या मारत होता. मंगळवारी मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, याची गोळी कमी करता येईल का?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, प्रिस्क्रिप्शन तुम्ही लिहिणार की मी?" फार्मसिस्ट हसला, क्लार्क हसला, बाकावरचे पेशंटही हसले. मुलाची आई तिथंच उभी होती. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही.

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्याचीच नर्स आहे. ती स्वतः औषधं लिहिते, स्वतःच्या सहीने. मी तिच्यापेक्षा काही कमी शिकलेली नाही. मग इथले डॉक्टर आम्हाला एवढं कमी का लेखतात? त्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहीत राहू का? की डॉक्टरांशी स्पष्ट बोलू? की सरळ बदली मागू?

तुमची, एक सिस्टर

उत्तर

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? तुझ्या वयापेक्षा माझी नोकरी मोठी आहे.

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथं आटोपशीर करून छापलंय. त्या चार पानांत मंगळवारी कोण कोण हसलं, हे तू नावनिशीवार लिहिलंयस. पण त्या पोराचे पाय पुढं थांबले का, याबद्दल एक ओळही नाही. ताई टोचून बोलते असं वाटेल. वाटू दे. आधी त्या पोराकडे जाऊ, मग कोऱ्या कागदाकडे, आणि वेळ उरला तर तुझ्या मामेबहिणीकडे.

बसलं की उठावंसं वाटणं, उभं राहिलं की पाय बदलत राहणं, रात्री अंथरुणात कुणी आतून ढकलल्यासारखं होणं, आणि हे सगळं गोळी वाढवल्यानंतर सुरू होणं. याला अकॅथिसिया म्हणतात, हे तुला डिप्लोमात शिकवलं असणार. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन असल्या, भास-भ्रम आवरणाऱ्या औषधांनी हे होतं. यातला घोटाळा असा, की लांबून बघणाऱ्याला रोगच उसळल्यासारखा दिसतो. पोर चिडचिड करतंय, झोपत नाही, घरभर फिरतंय. मग गोळी आणखी वाढते आणि पाय आणखी पळायला लागतात. काहींना ही तगमग इतकी असह्य होते, की जगणंच नको वाटतं. म्हणून हे मंगळवारपर्यंत ठेवायचं काम नव्हे. हे वाचशील त्या दिवशी त्यांच्या घरी फोन कर. पोराला आडून नको, थेट विचार, "जीव नकोसा वाटतो काय रे?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं काही येत नाही. उत्तर 'होय' आलं, तर त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरांना दाखव, आणि गरज पडली तर बेळगावला सिव्हिलला नाहीतर धारवाडला डिमहान्सला, म्हणजे तिथल्या मानसोपचाराच्या सरकारी संस्थेत, पाठवायची तयारी ठेव. आईला सांग, त्याला एकटं सोडायचं नाही आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. रात्री घाबरून गेली, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

आता तू डॉक्टरांना काय म्हणालीस ते बघू. "गोळी कमी करता येईल का?" तुला जे दिसलं होतं, ते या वाक्यात नाहीच. त्यात नुसता निर्णय आहे. चाळीसावा पेशंट समोर असलेल्या डॉक्टरच्या कानाला ते 'तुमचं चुकलंय' असंच लागतं. तेच असं सांगून बघ: "सर, तीन तारखेला गोळी दोनाची चार झाली. अकरा तारखेपासून पाय थांबत नाहीत. जेवायला मांडी घालून बसत नाही, ताट हातात घेऊन फिरतो. रात्री दोन तास झोप. आधी असं कधीच नव्हतं, असं आई म्हणते." एवढं बोलून गप्प राहायचं. पुढचं वाक्य डॉक्टरांनी बोलायचं असतं आणि दहातल्या आठ वेळा ते बोलतात.

यात थोडी लबाडी आहे, मान्य. आमच्या पिढीतल्या नर्सेस याच लबाडीवर जगल्या. मनात उत्तर तयार असायचं, पण ते डॉक्टरांच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं. मला ते कधीच पटलं नाही. पण त्या पोराच्या पायांना तुझा मान आधी मिळाला की डॉक्टरांचा राहिला, याच्याशी काही देणंघेणं नाही.

डॉक्टरांचंही चुकलंच. तुला टाकून बोलले, ते आहेच. पण त्याहून मोठी चूक म्हणजे ते त्या आईसमोर बोलले. घरी पोर कसं वागतं, हे सांगणारी ती एकच बाई होती. सिस्टरला कुणी मोजत नाही, हे तिने डोळ्यांनी बघितलं. आता ती सिस्टरला कशाला काय सांगेल? हे डॉक्टरांना एकट्यात सांग. ओपीडी आटोपल्यावर, चहा आला की. "तुम्ही मला बोललात" असं म्हणू नकोस, "ती बाई आता मला काही सांगेनाशी झालीय" असं म्हण. तक्रार तीच, पण ही ऐकून घेतली जाते.

आता कोरा कागद. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हा खड्डा माझ्या पायाखालून गेलाय.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्याचं नाव सांगत नाही. गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणारा एक माणूस होता, चाळिशीतला. लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर, तीन वर्षं ठणठणीत. हंगामाचे दिवस, गोळ्या संपल्या म्हणून आला. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्यांची सही कागदावर आधीच होती, आणि मी जुन्या चिठ्ठीवरून उतरवायला घेतलं. उतरवताना त्याला चहा दिला. त्याच्या हातात बशी वाजायला लागली, खुळखुळ्यासारखी. त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी उचलला, तरी बशीत चहा सांडलाच. "थंडी वाजते काय?" मी विचारलं. फेब्रुवारी होता. तो हसला. लिथियमवर हात थोडे थरथरतातच, असं मी मनाची समजूत घातली आणि 'पूर्वीप्रमाणे' लिहून मोकळी झाले.

दोन प्रश्न विचारायचे राहिले. घाम किती जातो, आणि दुसरं काय घेतोस. तो दिवसभर जाळापुढं घामाने निथळत होता आणि गुडघ्यासाठी गावातल्या दुकानातून रोज डायक्लोफिनॅकची गोळी घेत होता. दोन्हींमुळे मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं कमी करतात. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर एवढ्यात ठेवायचं असतं. १.५ च्या वर गेलं की विष चढायला लागतं. औषध आणि विष यांच्यात एवढीच फट. चार दिवसांनी त्याला टेम्पोत घालून आणला. जुलाब, उलट्या, जीभ जड, चालताना झोकांड्या. गावात लोक म्हणाले, प्यायलाय.

तो वाचला. सलाईन लागलं, बेळगावला हलवला, पंधरा दिवसांनी चालत घरी गेला. चौकशीत कागद पुढं आला, तर अक्षर माझं. सही करणारे म्हणाले, "सिस्टरनी लिहून आणलं, मी विश्वासावर सही केली." मला मेमो मिळाला. राग आला होता, पण घरी येऊन विचार केला तेव्हा त्या मेमोत खोटं काही सापडलं नाही. पेन माझ्या हातात होतं. मात्र रक्त तपासायला पाठवायचा अधिकार नव्हता, गोळी थांबवायचा नव्हता, 'आज देत नाही' म्हणायचा नव्हता. लिहिण्याची जोखीम तेवढी माझी होती.

तू आज त्याच जागेवर उभी आहेस. म्हणून कोऱ्या सह्या आजपासून बंद. कायद्याने बघायला गेलं तर अशी औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०६ सांगतं, की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध वा उपचार कुणी सुचवायचाही नाही. लिहायचा तर प्रश्नच नको. उद्या काही झालं, तर 'साहेबांनी सांगितलं होतं' हे वाक्य कामाला येत नाही. मेडिकल ऑफिसरांशी भांडू नकोस. एवढंच म्हण, "सर, पेशंट तुमच्यासमोर दोन मिनिटं बसवते, मी मागचं सगळं सांगते, लिहा तुम्ही." एमबीबीएस डॉक्टरला या गोळ्या लिहिता येतात. त्यांना नसते ती सवय.

आता तुझा खरा प्रश्न. आम्हाला एवढं कमी का लेखतात?

आधी मामेबहिणीचं ऐक. व्हिडिओ कॉलवर तुला तिची सही दिसते, त्या सहीमागची वर्षं दिसत नाहीत. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसना मोजकी औषधं लिहू द्यावीत, ही शिफारस इंग्लंडमध्ये ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने १९८६ मध्ये केली. कायदा झाला १९९२ मध्ये, १९९४ मध्ये काही ठिकाणी करून बघितलं, तेही मलमपट्टी आणि पोट साफ होण्याच्या औषधांसारखं किरकोळ. २००३ पासून एक मधली पायरी आली. डॉक्टर निदान करणार, मग डॉक्टर, नर्स आणि पेशंट मिळून लेखी आराखडा ठरवणार, आणि त्या आराखड्याच्या चौकटीत नर्स गोळी कमी-जास्त करणार. आपल्या क्षमतेच्या कक्षेत जवळजवळ सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहायची मुभा मिळाली २००६ मध्ये. म्हणजे शिफारशीपासून वीस वर्षं गेली. आणि ती मुभा डिग्रीबरोबर मिळत नाही. नर्सिंगचा अनुभव घेतल्यावर वेगळा कोर्स करावा लागतो. त्याची मूळ रचना अशी होती, की निदान २६ दिवस शिकणं आणि १२ दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली लिहिणं. त्यामुळे 'तिच्यापेक्षा कमी शिकलेली नाही' हे तुझं वाक्य खरं असलं, तरी या एका बाबतीत खरं नाही.

आणि तिथले मानसोपचारतज्ज्ञ काय हार घेऊन उभे नव्हते. त्यांना विचारलं गेलं, तेव्हा आक्षेप आपल्याकडच्यासारखेच होते. औषध लिहिणं म्हणजे निदान करणं, ते नर्सला शिकवलंय का? औषधशास्त्र तिला किती येतं? चुकलं तर कोर्टात कोण उभं राहणार? आराखड्याच्या आत लिहायला बरेच जण तयार होते, स्वतंत्र सहीचं नाव काढलं की अंग चोरायचे. ज्यांच्या युनिटमध्ये अशी नर्स प्रत्यक्ष काम करत होती, त्यांची धास्ती मात्र कमी होत गेली. हे मला फार ओळखीचं वाटतं. अख्ख्या नर्स जातीवर डॉक्टरचा विश्वास बसत नाही, एका सिस्टरवर बसतो.

तुझ्या मामेबहिणीला आणखी एक विचार. मानसोपचारातल्या कितीतरी नर्सेसनी तो कोर्स केला आणि नंतर लिहायचं टाळलं. पगार वाढला नाही, काम वाढलं. काहींना तर भीती वाटली, की पेशंटजवळ बसून बोलायची वीस मिनिटं चिठ्ठी लिहिण्यात जातील आणि आपण छोट्या आकाराचे डॉक्टर होऊ. पेन हातात आलं की मान येतोच असं नाही गं.

इथं आपल्याकडे भीतीचा रंग जरा वेगळा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं. प्राथमिक आरोग्यसेवेत काही मर्यादित औषधं लिहायचा परवाना डॉक्टर नसलेल्यांनाही देता येईल, असं त्यात होतं. देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले, 'हे तर बोगस डॉक्टरांना कायदेशीर करणं आहे' म्हणाले. सीमाभागातल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. कसल्याही दुखण्यावर सलाईन लावणारा 'डॉक्टर' कुठल्या गावात नाही? तुझ्या मंगळवारच्या सरांच्या मनात तू आणि तो एकाच ओळीत उभे आहात. हा तुझा अपमानच आहे, पण त्यांची भीती हवेतली नाही. त्यांनी असल्यांचे उद्योग निस्तरलेले असतात.

मग दुसरी बाजूही त्यांना कुणीतरी सांगायला हवी. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, देशपातळीवर पाहणी केली, तेव्हा वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात कर्नाटकही नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. सीमेच्या दोन्ही बाजूंनी मोजणीतून सुटायची सवय आपल्याला आहेच. पण कणकुंबीकडून पावसाळ्यात येणाऱ्या माणसाची सकाळची बस चुकली की त्याचा मंगळवार गेला, म्हणजे आठवडा गेला, हे कळायला पाहणी कशाला लागते?

आणि हेही विसरू नकोस, की हा वाद पहिल्यांदा नर्सवरून झालेला नाही. १९८० च्या दशकात याच कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात, निम्हान्सने प्राथमिक केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून मानसिक आजारांचे उपचार गावापर्यंत नेले. मानसोपचाराच्या गोळ्या एमबीबीएसच्या हाती द्याव्यात का, हाच तेव्हा धाडसाचा प्रश्न होता. त्यातूनच पुढं १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला आणि मग देशभर पसरत गेला. तुझ्याकडे मंगळवारी जी गाडी येते, तिचं मूळ तिथं आहे.

माझं मत विचारशील तर, होय, शिकलेल्या, देखरेखीखाली तयार झालेल्या नर्सला ठरावीक पेशंटची ठरावीक औषधं पुढं चालू ठेवायचा, थोडी कमी-जास्त करायचा अधिकार एक दिवस मिळावा. कोर्ससह, पगारासह, आणि 'नाही' म्हणायच्या अधिकारासह. डॉक्टर येत नाहीत म्हणून बुजगावण्यासारखी नर्स उभी करायची असेल, तर मात्र माझा विरोध आहे. गरिबाला अर्धा डॉक्टर चालेल, असं म्हणण्यासारखं ते आहे.

तो दिवस यायचा तेव्हा येईल. तुझा गुरुवार उद्याचाच आहे.

२५ मार्च २०२० ला, कोरोनाच्या सुरुवातीला, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. साथ ओसरली, नियम राहिले. त्यात एक सोय तुझ्यासाठीच केल्यासारखी आहे. आरोग्य कर्मचारी पेशंटजवळ बसून फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांशी सल्लामसलत करू शकतो, आणि डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. आधी तपासलेल्या पेशंटचं औषध पुढं चालू ठेवणं यात बसतं. नशेच्या कायद्याखाली येणाऱ्या गोळ्यांना बंधनं आहेत, त्यामुळे झोपेच्या गोळ्यांसाठी फोनवर अडून बसू नकोस, ते डॉक्टरांना ठरवू दे. सरांना विचार, आठवड्यातून दोन दिवस दुपारी अर्धा तास देता का? ओपीडीच्या गर्दीत नको विचारूस. मंगळवारचे निम्मे लोक नुसत्या गोळ्या पुढं चालू करायला येतात. ते कमी झाले, तर सरांचाच मंगळवार हलका होईल. स्वतःचा फायदा दिसला की तत्त्वाचे वाद पुष्कळ निवळतात, डॉक्टरांचे काय आणि आपले काय.

दुसरं म्हणजे वही. साधी, दोनशे पानी. पेशंटमागे एक पान. काय दिसलं, कधीपासून, तो स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, दुसरी कुठली औषधं, वजन, लिथियमवर असेल तर शेवटची रक्ततपासणी कधी झाली. महिन्याचं डेपो इंजेक्शन, म्हणजे अंगात हळूहळू उतरत राहणारं, असेल तर पुढची तारीख, आणि तारीख टळली तर तू फोन केलास का. मत लिहू नकोस, दिसलं ते लिही. वर्षभराने ही वही सरांच्या टेबलावर ठेवशील, तेव्हा 'प्रिस्क्रिप्शन कोण लिहिणार' असं ते विचारणार नाहीत. वहीत काय आहे, हेच विचारतील. आणि तेव्हा इंग्लंडमधल्या त्या लेखी आराखड्यासारखं काहीतरी इथंही मांडून बघ. अमक्या पेशंटला अमुक दिसलं तर सिस्टरने त्याच दिवशी फोन करायचा, अमुक दिसलं तर थेट वर पाठवायचं. खाली त्यांची सही. हा कागद कोरा नसेल आणि त्यावर लिहिलेलं तुला झेपणारं असेल.

वहीत पेशंटचे शब्द मराठीतच लिही, हे मुद्दाम सांगते. तुझे सर कन्नड बोलणारे, मराठी जेमतेम, असं तू मूळ पत्रात लिहिलंयस. मग मंगळवारी दुभाषी तूच. "जीव घाबरा होतोय" याचं तू कन्नडमध्ये नुसतं 'भय' करून सांगितलंस, तर छातीतली धडधड, आतलं उकडणं, उठून बाहेर पळावंसं वाटणं, सगळं वाटेतच सांडलं. डॉक्टरांच्या वहीत भीती लिहिली गेली आणि भीतीची गोळी मिळाली. एक शब्द तू कन्नडमध्ये कसा सांगतेस, यावर निदान हलतं, हे तुला आणि त्यांना दोघांनाही कळायला हवं. तुझ्या सरांचा तुझ्यावर किती भरवसा आहे, हे त्यांच्याच लक्षात आलेलं नाही. तुझ्यावाचून त्यांना पेशंट ऐकूच येत नाही. हे त्यांना जरूर सांग, पण टोमणा मारल्यासारखं नको. त्यांना दोन-चार मराठी शब्द शिकव. 'भणभणतं' आणि 'गरगरतं' यातला फरक आधी.

बदली आत्ता मागू नकोस. मागायचीच असेल तर वही भरल्यावर माग.

आणि फोन. संध्याकाळी पाचच्या पुढं कर, त्या वेळी आई रानातून आलेली असेल. ती तुटक बोलेल, तू विचारत राहा. जेवताना मांडी घालून बसतो का, एवढं आधी विचार. मला दोन ओळी टाक, पोराचे पाय कसे आहेत ते. बाकीचं नंतर लिहिलंस तरी चालेल.